तपासणाऱ्याचं घर आधी

फुआटिनो आत्याने माझ्या वडिलांना दंड केला तो झाकण नसलेल्या पातेल्याबद्दल.

"पातेलं कोणाचं?" तिने विचारलं.

"माझंच."

"झाकण?"

"मुलांनी खेकडे धरायला नेलं असेल."

"मग आज जेवायला खेकड्यांकडेच जा. दंड, माशांच्या डब्यांचं एक खोकं."

माझे वडील मताई आहेत, म्हणजे आमच्या कुळाचे प्रमुख. गावसभेत ते नुसते खाकरले तरी चाळीस माणसं गप्प होतात. पण बहिणीपुढे भावाने आवाज चढवायचा नाही, हे आमच्याकडे माणूस जन्माला येण्याआधीच ठरलेलं असतं. वडिलांनी खोकं आणून दिलं आणि दुसऱ्या दिवशी झाकणाला दोरी बांधून ते पातेल्याच्या कानाला अडकवलं. ती दोरी अजून आहे.

पापावाई हे आमचं गाव, सवाई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं. तिथल्या बायकांच्या समितीची आत्या तेवीस वर्षं अध्यक्ष होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी समिती तपासणीला निघायची. सगळ्याजणी एकाच छापाच्या पुलेतासीत, म्हणजे लांब झगा आणि खाली लुंगी, आणि आत्याच्या गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की गाव थिजायचं. मच्छरदाणीला भोक आहे का, चादरी उन्हात घातल्या का, डुकरं बांधली का, अंगणातल्या करवंट्यांत पाणी साचून डास होतायत का, आणि संडास. संडासात आत्या एकटी जायची आणि बाहेर आल्यावर काही न बोलता बराच वेळ समुद्राकडे बघत राहायची. त्या वेळात घरातल्या बायकांचा जीव जायचा.

या तपासणीचा एकच पक्का नियम होता. तपासणाऱ्याचं घर आधी. ज्या बाईच्या गळ्यात शिट्टी, तिच्या घरापासून सुरुवात, आणि तिच्या घरात काही निघालं तर दंड दुप्पट. एकदा आत्याच्या मच्छरदाणीला खरंच भोक सापडलं. तिने स्वतःला दंड केला, दोन खोकी आणली, आणि वर शेजारणींसमोर भाषण केलं. त्या दिवशी ती इतकी खुश होती की तिची मैत्रीण आकेनेसे म्हणाली, "हिने ते भोक रात्री बसून पाडलं असणार."

आकेनेसे समितीची चिटणीस. अक्षर सुरेख, जीभ विळ्यासारखी.

आत्या नऊ भावंडांतली तिसरी. एकोणिसाव्या वर्षी ती आपियाला, म्हणजे पलीकडच्या बेटावरच्या राजधानीला, गेली आणि गाड्यांच्या वायरी बनवणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं राबली. तिथे रोज संध्याकाळी एक माणूस येऊन प्रत्येकीची वायर ओढून बघायचा. "त्याच्या टेबलावर ढेकूण होते," आत्या सांगायची, "पण त्याचं टेबल बघायला कोणी यायचं नाही." मग आजी आजारी पडली म्हणून ती गावी परतली आणि तुइमानू नावाच्या मासेमाराशी तिने लग्न केलं. काका इतके अबोल की लग्नात पाद्रीबुवांना त्यांचं 'हो' दोनदा विचारावं लागलं. आत्या बायकांच्या क्रिकेटमध्ये चेंडू टाकायची. पन्नाशीनंतरही शेजारच्या सातुला गावच्या बायका तिच्या चेंडूला बिचकायच्या.

सातुलाचं नाव निघालं म्हणजे इलीसापेताचं आलंच. ती सातुलाच्या समितीची अध्यक्ष. तीस वर्षांपूर्वी एका सामन्यात आत्याने तिला बाद केलं, आणि इलीसापेता मैदानातून बाहेरच गेली नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजेपर्यंत बॅट घेऊन तिथेच उभी राहिली. हा सामना अजून संपलेला नाही असं सातुलाचं म्हणणं आहे.

आता चक्रीवादळाचं. आत्याच्या अध्यक्षपदाच्या तेविसाव्या वर्षी आलेल्या वादळाने समितीच्या घराचं छप्पर नेलं आणि पाण्याची टाकीही नेली. टाकी चार दिवसांनी सापडली, पण सातुलाच्या किनाऱ्यावर, तडकलेली. ती परत मागायला आत्या गेली तेव्हा इलीसापेता म्हणाली, "समुद्राने दिलेलं परत करू नये, पाप लागतं." आणि तिने त्या टाकीत डुकरीण ठेवली.

गावाने आधी चर्चचं छप्पर केलं, मग घरांची. समितीच्या घरावर ताडपत्री आली. टाकी मात्र घ्यायची राहिली, आणि तिच्यामुळे नर्सचा दिवस गेला.

नर्सचा दिवस म्हणजे महिन्याचा शेवटचा गुरुवार. सरकारी नर्स यायची, समितीच्या घरात काटा टांगायची, बाळांची वजनं व्हायची, टोचायचं ते टोचून व्हायचं. आरोग्य खात्याचा नियम असा की जिथे वाहतं स्वच्छ पाणी नाही तिथे नर्स बसणार नाही. पत्र आलं: ऑक्टोबर संपेपर्यंत पाण्याची सोय झाली नाही, तर पापावाईचा दिवस कायमचा सातुलाला जोडला जाईल.

सातुला बसने पाऊण तास. बस दिवसातून दोनदा, तीही ड्रायव्हरचं पोट बरं असेल तर. पण आत्याने ते अंतर मिनिटांत मोजलंच नाही.

"माझ्या गावची बाळं," ती म्हणाली, "त्या बाईच्या काट्यावर लटकणार?"

मी तेव्हा आपियात होते. मुलांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या एका जागतिक संस्थेचं ऑफिस तिथे तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि मी तिथे दुभाषी, टंकलेखक आणि चहा कुठे मिळतो ते सांगणारी होते. संस्थेचं मुख्यालय बर्फाच्या देशात. त्या वर्षी तिथून हुकूम आला की यापुढे फक्त सरकारांबरोबर नाही, तर गावोगावच्या लोकांच्या गटांबरोबरही भागीदारी करायची. भागीदार झालेल्या गटाला मुलांच्या आरोग्यासाठी लागेल ती वस्तू मिळणार. टाकीसुद्धा.

मी फॉर्म घेऊन गावी गेले. एकोणीस पानी. पान दोनवर मला स्वतःला भरायचं होतं: या गटात तुमचे नातेवाईक आहेत का? त्यासाठी दोन ओळी दिल्या होत्या. मी सहा कागद जोडले.

आमच्या ऑफिसचे प्रमुख ओस्वाल्दो. उरुग्वेचे, सहा फूट चार इंच, माणूस भला. त्यांनी कागद उलटून पालटून पाहिले. "सगळं गावच नातेवाईक?"

"नाही. पाद्रीबुवा बाहेरचे आहेत," मी म्हणाले. "पण त्यांची बायको..."

"कळलं," ते म्हणाले. "मग या गटाबद्दल तुमची साक्ष धरता येणार नाही. तुम्ही फक्त भाषांतर करायचं."

फॉर्म आम्ही आत्याच्या घरी भरला. आत्या सांगत होती, आकेनेसे मधे तोंड घालत होती, मी लिहीत होते.

"संस्थेच्या कार्यालयाला कुलूप लागतं का?" मी विचारलं.

"दार नाही."

"दार का नाही, असं खाली विचारलंय."

"भिंत नाही म्हणून," आत्या म्हणाली. "पोरी, तू या घरात रांगलीस. भिंत बघितलीस कधी?"

आमची मोठी घरं म्हणजे खांब आणि छप्पर. मी लिहिलं: हवा उत्तम खेळते.

"सदस्यांमधले मतभेद कसे सोडवता?"

"दंड करून."

"दंड भरला नाही तर?"

"आकेनेसेला त्यांच्या घरी बसायला पाठवतो."

"एकदाच पाठवलंय," आकेनेसे म्हणाली. "अर्ध्या तासात भरला."

ऑगस्टमध्ये उत्तर आलं की ओस्वाल्दो साहेब गट बघायला स्वतः येतील. ही बातमी गावात एकाच अर्थाने पोचली: तपासणी. गावाने तपासणी जन्मभर पाहिली होती. काय करायचं ते सांगावं लागलं नाही. तीन दिवस गाव धूत होतं. ज्या सकाळी साहेबांची गाडी आली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकतीस घरांनी आपलं सगळं मांडलं होतं. चादरी, उशांचे अभ्रे, मच्छरदाण्या, पालथी घातलेली चकाकती पातेली. एका घराने डुकरालाही साबण लावला होता. ते डुक्कर अपमानित चेहऱ्याने बसलं होतं.

साहेब गाडीतून उतरले आणि त्यांना वाटलं बाजार भरलाय.

"सुंदर," ते म्हणाले. आणि माझ्या वडिलांच्या चादरीला हात लावून त्यांनी किंमत विचारली.

मी भाषांतर केलं, "साहेब म्हणतात, चादर फार छान आहे."

पाहुण्याने एखादी वस्तू छान म्हटली की ती त्याला द्यायची, ही आमची रीत. वडिलांनी चादरीची घडी केली आणि साहेबांच्या हातात ठेवली. गावाने ते पाहिलं. समितीच्या घरापर्यंत पोचताना साहेबांकडे चार चादरी, एक पातेलं आणि विणलेला पंखा होता. संस्थेत कोणाकडून काही घेणं सक्त मना आहे. त्यांना घाम फुटला होता, आणि तो उन्हाचा आहे असं समजून तीन बायका त्यांना त्याच पंख्याने वारा घालत होत्या.

समितीच्या घरात शिरताना ताडपत्रीच्या वाशाला त्यांचं कपाळ आपटलं. आत सगळे खांब नव्या फुलाफुलांच्या कापडाने गुंडाळले होते, वर चाफ्याच्या माळा. मधल्या खांबाची जागा मानाची. तिथे पाठ टेकवून त्यांना बसवलं. एवढे लांब पाय ते मांडी घालून किती वेळ दुमडणार? आत्याने त्यांच्या पायांवर चटई टाकायला सांगितली. उघडे पाय लांब करणं आमच्यात उद्धटपणाचं, चटईखाली लांब केलेले चालतात.

मग कोको आला, पालुसामी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, आलं, भाजलेला फणसासारखा ब्रेडफ्रूट आला, आत्याचं भाषण आलं. भाषण चाळीस मिनिटं चाललं. मी त्याचं भाषांतर चार मिनिटांत केलं, तेव्हा आत्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"आता," साहेब म्हणाले, "गेल्या तीन वर्षांच्या कामाच्या काही नोंदी बघायला मिळतील का?"

मी विचारलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून साहेबांच्या पाठीकडे पाहिलं.

कारण नोंदी तिथेच होत्या. समितीच्या घरात कागद टिकत नाही, भिंतच नाही तर खारं वारं सगळं खातं. म्हणून तेवीस वर्षं प्रत्येक बाळाचं नाव आणि दर महिन्याचं वजन खांबांवर लिहिलेलं आहे, होडीच्या निळ्या रंगाने. वादळाने छप्पर नेलं, खांब नेले नाहीत. पण साहेबांच्या पांढऱ्या शर्टाला रंग लागू नये, आणि पाहुण्याला जुनी लाकडं दिसू नयेत, म्हणून आदल्या दिवशी समितीने सगळे खांब नव्या कापडात गुंडाळून टाकले होते. आता पाहुणा मानाच्या खांबाला टेकून जेवत होता. जेवत्या पाहुण्याला ऊठ म्हणायचं, आणि त्याच्या पाठीमागचं कापड सोडायचं? आमच्याकडे त्यापेक्षा माणूस होडी घेऊन समुद्रात निघून जाईल.

"नोंदी आहेत," आत्या म्हणाली. "साहेबांना सांग, आधी जेवा."

साहेबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांना आणखी वाढलं गेलं. मग आपियाच्या बोटीची वेळ झाली.

बोटीवर मी त्यांना सांगितलं. ते कठड्याला धरून उभे होते, पोटात पालुसामी आणि समोर लाटा.

"तुम्ही नातेवाईक आहात," ते दीनवाणेपणाने म्हणाले. "तुमचं मला ऐकता येत नाही. भेटीच्या दिवशी जे पाहिलं तेच लिहायचं, असा नियम आहे." मग ते वाकले, आणि आमचं बोलणं तिथेच थांबलं.

दहा दिवसांनी पत्र निघालं. मीच टंकलं. शंभरपैकी एकेचाळीस गुण. नोंदी: शून्य. गटाने क्षमता वाढवावी, पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू.

पुढचं वर्ष म्हणजे नर्सचा दिवस सातुलाला जाऊन दोन महिने झालेले असणार.

पत्र मी स्वतः घेऊन गेले. आत्याने ते दोनदा वाचून घेतलं. आकेनेसे तिच्यासमोर बसून ब्रेडफ्रूट सोलत होती.

"एकेचाळीस," आकेनेसे म्हणाली. "डुकराला साबण लावून एकेचाळीस."

आत्या संडास बघून आल्यावर बघायची तशी समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरी, या लोकांचं घर कोणी तपासलं?"

"कोणी म्हणजे?"

"आमचं तपासायच्या आधी. यांचं कोणी तपासलं?"

"आत्या, ते तसं नसतं."

"तसंच असतं," आत्या म्हणाली. "भागीदार म्हणतात ना ते आम्हाला? की कारखान्यातल्या त्या टेबलवाल्यासारखं आहे?"

आकेनेसेने सुरी पुसली. "पहिली बोट सहाला आहे," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसात बसले होते तेव्हा खाली जिन्यात शिट्टी वाजली.

आमच्या ऑफिसात शिट्टीचा एकच अर्थ होता: आग. दर तीन महिन्यांनी सराव व्हायचा. शिट्टी ऐकताच बावीस माणसं शिस्तीत उठली, जिन्याने खाली गेली, आणि आंब्याच्या झाडाखाली रांगेत उभी राहिली. साहेब सर्वांत शेवटी, नियमाप्रमाणे. जिन्यात त्यांच्या शेजारून हिरव्या पुलेतासीतल्या पाच बायका वर गेल्या. साहेबांनी त्यांना "खाली, खाली" म्हटलं. आत्याने त्यांना हसून मान लवली आणि ती वर गेली. दारावरचा रखवालदार आकेनेसेचा चुलतभाऊ. त्याने नंतर सांगितलं, "आत सोडू नये असं कुठे लिहिलंय? मी नीट बघितलं, नाही लिहिलेलं."

मी वर धावले. समिती रिकाम्या ऑफिसात पसरली होती.

"या कपांना बुरशी आहे," एक बाई म्हणाली. "तीन."

"चार," दुसरी म्हणाली. "हा चौथा पेनं ठेवायला वापरतात."

आकेनेसे फ्रिजसमोर उभी राहून लिहीत होती. "हे काय आहे गं?"

"कोणाचा तरी डबा. जूनमधला."

"जूनमधला," तिने सुरेख अक्षरात लिहिलं.

प्रथमोपचाराच्या पेटीत मुदत संपलेली औषधं आणि एक बॅडमिंटनचं फूल निघालं. खिडकीतल्या कुंडीच्या बशीत पाणी होतं, पाण्यात डासांची पिल्लं वळवळत होती. आत्याने मला हाताला धरून ती दाखवली. संतापाने नाही, दुःखाने. मग ती एकटी संडासाकडे गेली.

साहेब वर आले तेव्हा ती बाहेर येऊन हात धुण्याच्या बेसिनसमोर उभी होती. बेसिनच्या वर आमच्याच संस्थेचं मोठं चित्र लावलेलं होतं: हसरं बाळ, आणि तीन भाषांत 'साबणाने हात धुवा'.

"साहेबांना विचार," आत्या म्हणाली, "साबण कुठे आहे?"

मी विचारलं. साहेबांनी बेसिनकडे पाहिलं. बेसिनखाली पाहिलं. चित्राकडे पाहिलं. त्या चित्राच्या मागे साबण ठेवलेला असावा अशी आशा त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर येऊन गेली.

"नाही," ते म्हणाले.

"बाळ मात्र हसतंय," आकेनेसे म्हणाली. हे मी भाषांतरित केलं नाही.

समितीने कोपऱ्यात घोळका करून गुण ठरवले. मी कधी न पाहिलेली गोष्ट म्हणजे त्यात खरोखर वाद झाला. एक बाई फरशी स्वच्छ आहे म्हणून दोन गुण वाढवा म्हणत होती. शेवटी आत्याने सांगितलं, "अडतीस."

"शंभरपैकी?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या गावात चाळीसच्या खाली कोणी जात नाही," आत्या म्हणाली. "एक घर गेलं होतं. ते लोक नंतर न्यूझीलंडला निघून गेले."

तोवर झाडाखालची माणसं परत आली होती आणि दारात गर्दी करून उभी होती. साहेब कोणावर चिडले नाहीत. त्यांनी आकेनेसेचा कागद मागून घेतला, मला वाचायला लावला, आणि बुरशीचे कप, जूनचा डबा, डास, साबण असं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग ते आपल्या टेबलाकडे गेले, भागीदारीच्या नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्या चाळू लागले. आत्याला वाटलं, आता पोलिसांचा नंबर शोधतोय.

"सापडलं," ते म्हणाले. "भागीदार होऊ पाहणाऱ्या गटाने संस्थेबद्दल लेखी मत दिलं, तर संस्थेने चौदा दिवसांत त्यांना पुन्हा भेटायलाच हवं. हा नियम अकरा वर्षं इथे आहे. आजवर कोणी मत दिलेलं नाही." त्यांनी आकेनेसेच्या कागदावर 'मिळाले' असा शिक्का मारला. "मी येतो. पण बाई, मला यावेळी नोंदी दाखवाल का?"

मी हे सांगितल्यावर आत्याने साहेबांकडे वर बघितलं. त्यासाठी तिला मान बरीच मागे न्यावी लागली.

"त्यांना सांग, यावेळी पाहुणे म्हणून येऊ नका. पाहुणा असलात की आमचं काही चालत नाही."

बाराव्या दिवशी साहेब पापावाईला आले. रस्त्यावर एकही चादर नव्हती. कोणी वारा घातला नाही, कोको आला नाही. समितीच्या घरातल्या खांबांवरची कापडं काढलेली होती आणि वर ताडपत्री फडफडत होती. त्यांना मानाची जागा दिली नाही. घराच्या मधोमध उघड्या चटईवर बसवलं, टेकायला काही नाही. आमच्या बायकांना ते बघवत नव्हतं. एक म्हातारी तर तोंड फिरवून बसली. पण आत्याचा हुकूम होता.

साहेबांनी पहिला खांब बघितला, मग दुसरा. मग ते गुडघ्यांवर सरकत खांबाखांबापाशी जाऊ लागले. चोवीस खांब. निळी नावं, नावापुढे आकडे, महिन्यामहिन्याने चढत गेलेले. ते नावं मोठ्याने वाचू लागले. उच्चार भयंकर होते. पण बाहेर जमलेल्या गावातून उत्तरं येऊ लागली.

"फाआओलो?"

"मी!" ताडपत्रीची दोरी धरून उभा असलेला एक आडदांड माणूस ओरडला.

"हे... चार किलो?"

"आता एकशे दहा!"

हशा झाला. साहेब पुढचं नाव वाचायचे, बाहेरून कोणीतरी हात वर करायचं, कोणाची आई "ती ऑकलंडला आहे, नर्स झाली" असं ओरडून सांगायची. तासभर हे चाललं. नोंदी तपासताना लोक इतके हसलेले मी ऑफिसात कधी पाहिले नव्हते.

दाराच्या बाजूचा खांब, म्हणजे दार असतं तर त्या बाजूचा, सर्वांत जुना. साहेब तिथे शेवटी पोचले. सर्वांत वरच्या नावापुढे चारच आकडे होते. आठ, साडेसात, सात, साडेसहा. नाव त्यांनी वाचलं. बाहेरून उत्तर आलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे.

"ती माझी," आत्या म्हणाली. "त्या वर्षी नर्स येत नव्हती, आम्हीच खोबऱ्याच्या दुकानातल्या काट्यावर वजन करत होतो. आकडे कळत होते, करायचं काय ते कळत नव्हतं. पुढचं वाचायला सांग त्यांना."

साहेबांनी पुढचं वाचलं. पुढचं नाव माझं होतं. मी हात वर केला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी फक्त भाषांतर करायचं आहे.

नंतर त्यांनी लिहून घेतलं, मोजलं, फोटो काढले. खांब जोडपत्र म्हणून कसे जोडायचे यावर मुख्यालयाशी नऊ पत्रं झाली. गुण किती मिळाले ते मी सांगत नाही, कारण आकेनेसेच्या मते ते अजूनही कमीच आहेत. पण करारावर सही झाली. त्यात एक कलम आत्याच्या आग्रहाने आलं: वर्षातून एकदा समिती ऑफिस तपासेल, आणि ऑफिसची तपासणी आधी होईल. मुख्यालयाने विचारलं, हे कलम कशासाठी? साहेबांनी उत्तर पाठवलं, साबणासाठी.

टाकी ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला बोटीने आली. ती ट्रकवर चढवून आणताना रस्ता सातुलामधून जातो. आत्याने ड्रायव्हरला तिथे सावकाश चालवायला सांगितलं. इतकं सावकाश, की मागून आलेल्या कोंबड्या पुढे गेल्या. इलीसापेता आपल्या अंगणात उभी होती. तिने टाकीकडे पाहिलं, आत्याने सरळ समोर.

नवं छप्पर अजून व्हायचं होतं, म्हणून पावसाचं पाणी टाकीत यायला वाट नव्हती. पाणीखात्याचा टँकर आणावा लागला. टँकरवाला कोणाचा नातेवाईक ते सांगत बसत नाही. टाकी अर्धी भरली. आकेनेसेने काठी घालून मोजलं आणि म्हणाली, "पुरे. नर्स काय आंघोळ करणार आहे?"

शेवटच्या गुरुवारी समितीच्या घरात पहाटेपासून बायका बसल्या होत्या, मांडीवर बाळं. अकरा बाळं. निळ्या रंगाचा डबा उघडून ठेवला होता. टाकीच्या नळापाशी पहिल्यांदा उभं कोणी राहायचं यावरून आदल्या दिवशी भांडण झालं होतं, आणि मिटलं नव्हतं. आकेनेसेचं म्हणणं, करार तिच्या अक्षरात आहे. वडिलांचं म्हणणं, ते मताई आहेत. तुइमानू काका काही म्हणाले नाहीत, पण नळाच्या जवळ जाऊन उभे राहिले. आत्या मागे एका खांबाशी बसली होती. तिने शिट्टी काढून बाजूला ठेवली होती.

नऊ वाजता नर्सची गाडी थांबली. तरुण मुलगी, नव्याने बदलून आलेली. इथलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिने काटा टांगला, पिशवी उघडली, बायकांकडे बघून हसली.

"हात कुठे धुऊ?" तिने विचारलं.

सात माणसं एकदम उठली.